लोटनची मेढ

नरडाण्यात स्टेशनाकडून गावात शिरलं की डाव्या हाताला झुंबरबाईचं घर लागतं. मातीच्या भिंती, पुढे पडवी, आणि पडवीचं छप्पर डोक्यावर घेऊन उभी असलेली निंबाच्या लाकडाची एक जाड मेढ. गावात आता सिमेंटचे खांब आले, पत्रे आले, पण ही मेढ झुंबरबाईनं कुणाला काढू दिली नाही. छप्पर बदलायला आलेल्या सुताराला तिनं एकदा विळा दाखवला होता, असं म्हणतात. सुतार शिंदखेड्याचा होता, त्यानं ते मनावर घेतलं आणि मेढीला हात न लावता छप्पर बदललं.

तिचा नवरा लोटन शेतकरी माणूस. शेत तीन बिघे आणि तेही खडकाळ, पण त्याचा जीव शेतात कधी रमलाच नाही. त्याचा जीव घोड्यात. लग्नानंतर काही वर्षांनी तो सारंगखेड्याच्या जत्रेला गेला तो बैल घ्यायला, आणि परत आला तो एक पांढरी शिंगी घेऊन. शिंगी म्हणजे घोडीचं लहान पिल्लू. झुंबरबाईनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्या पिल्लानं तिच्या पदराचं टोक चघळलं आणि तिला हसू आलं. तिथंच ती हरली. घोडीचं नाव तिनंच ठेवलं, रेवडी.

रेवडी मोठी झाली आणि वरातीची घोडी झाली. नरडाणा, बेटावद, पार शिरपूरपर्यंतचे नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवाला गेले. लोटन तिला आंघोळ घालायचा, तिच्या आयाळीत लाल गोंडे विणायचा, शेपूट तर अशी विंचरायचा की झुंबरबाई म्हणायची, लग्नात माझ्या केसांकडे तरी एवढं बघितलं होतं का. लोटन म्हणायचा, तुझे केस तू स्वतः विंचरतेस, हिला हात कुठे आहेत.

त्याला एक खोड होती. जेवण झालं की तो पडवीच्या मेढीला पाठ लावायचा आणि घासायचा. तीनदा वरखाली, मग थांबायचा, मग दोनदा. खर्र खर्र खर्र. खर्र खर्र. वर्षानुवर्षं घासून मेढीचा तेवढा भाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. बाकीच्या घरात नवऱ्याची चाहूल चपलेवरून लागते, इथे ती मेढीवरून लागायची.

नव्वद साली त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, आणि अंगाला नुसती खाज. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गावच्या लोकांनी पाला दिला, खाज काही गेली नाही. झुंबरबाई दिवसभर त्याची पाठ खाजवायची. जुन्या कंगव्यानं, मक्याच्या सोललेल्या कणसानं, शेवटी नुसत्या नखांनी. आणि हा गृहस्थ आजारातही चोखंदळ. ‘वर. आजून वर. तठे नही वं, वर.’ किती वर, त्याचं त्यालाच माहीत.

श्रावणातली ती दुपार. तीन वाजले असतील. तीन दिवस तिला डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि ती पडवीत भिंतीला टेकली होती. लोटननं हाक मारली, ‘आयकस का वं? जरासं पाठ खाजी दे.’

तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मना हात मोडी गयात आते. ती मेढ शे ना, तिलेच घास.’

तो उठला, भिंत धरत धरत मेढीपर्यंत गेला आणि पाठ घासू लागला. तीनदा, मग दोनदा. बंडीवर रक्ताचे ठिपके उमटले ते तिनं पाहिले आणि डोळे मिटून घेतले. आता उठते, आता उठते, असं म्हणता म्हणता तिला झोप लागली. जाग आली तेव्हा तो मेढीच्या पायथ्याशी कलंडला होता. त्यानंतर तो शुद्धीवर आलाच नाही. नवराबायकोचं वीस वर्षांचं बोलणं त्या एका वाक्यावर संपलं, आणि ते वाक्य तिचं होतं.

तेराव्याला घरात माणसं जमली आणि माणसं जमली की नियम निघतात. लोटनचा धाकटा भाऊ रतिलाल, माणूस वाईट नव्हे, पण चारचौघांच्या तोंडाकडे बघून आपलं मत ठरवणारा. तो म्हणाला, ‘वहिनी, आते तुम्हीन घोडीले हात नका लावू. नवरदेव बठस तिनावर.’

पांढऱ्या कपाळाच्या बाईनं वरातीच्या घोडीला शिवायचं नाही. शिवली तर ती घोडी कुणी मांडवापुढे उभी करत नाही. हे झुंबरबाईलाही लहानपणापासून ठाऊक होतं, तिनं दुसऱ्या बायकांच्या बाबतीत ते पाळलंही होतं. त्यामुळे तिला वाद घालता आला नाही. रेवडीचं सगळं रतिलाल बघू लागला. झुंबरबाईनं चारा टाकायचा तो लांबून. पाण्याचं घमेलं पुढे सरकवायचं ते झाडूच्या दांड्यानं. रेवडी मान लांब करून तिच्या पदराकडे यायची आणि ती दोन पावलं मागे सरायची. मुकं जनावर, त्याला कुणाचं कपाळ काय कळणार. ते बिचारं बघत राहायचं.

भाद्रपदात गोठ्याची भिंत पावसानं बसली, तेव्हा रतिलालनं रेवडीला पडवीपुढे आणून मेढीलाच बांधलं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी झुंबरबाई घरात ज्वारी निवडत बसली होती. बाहेरून आवाज आला. खर्र खर्र खर्र. मग थांबला. मग, खर्र खर्र.

तिच्या हातातलं सूप खाली पडलं. ज्वारी घरभर झाली. ती उठून दारापर्यंत गेली, पण उंबऱ्याबाहेर पाय टाकायची हिंमत होईना. शेवटी दाराआडून पाहिलं. मेढीला रेवडी उभी होती, पाठमोरी, आणि शेपटीचं मूळ मेढीवर घासत होती.

घोडीच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज, पुन्हा दुपारी तीनलाच. त्या वेळेला रतिलाल पाणी पाजून घोडीला बांधून जायचा, ऊन पडवीत यायचं, माश्या यायच्या, हे सगळं तिला दिसत होतं. पण तीनदा आणि मग दोनदा, हे कुठून आलं? ते घोडीला कुणी शिकवलं? ती कानावर हात दाबून बसायची आणि तरी मोजायची. घासून घासून मेढीवर पांढरे केस चिकटू लागले. लोटनची जागा जिथं होती तिथंच, बोटभर खाली.

कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर ते वाक्यही सांगावं लागलं असतं. शेवटी तिनं अर्धंच सांगितलं. रतिलाल भगताकडे जाऊन आला. भगत म्हणाला, ‘लोटनना जीव गुतेल शे.’ कशात गुंतलाय ते काही भगतानं सांगितलं नाही, पण झुंबरबाईला ते सांगायची गरज नव्हती. घोडीच्या शेपटीला काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून बांधा, दर शनिवारी नवा, असा उपाय निघाला. दृष्ट लागू नये म्हणून घरोघर बिब्बा बांधतात, पाळण्याला, म्हशीच्या गळ्याला, नव्या दाराला. त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

बिब्बे तिनं स्वतः ओवले. घोडीला शिवायचं नव्हतं, बिब्ब्याला शिवायला कुणाची ना नव्हती. दाभणानं भोक पाडताना त्यातलं काळं तेल तिच्या अंगठ्याला लागलं आणि दुसऱ्या दिवशी तिथं टपोरा फोड आला. तो तिनं पदराखाली झाकला. ओवताना ती मनातल्या मनात म्हणत होती, जा आता. माझं चुकलं, पण जा. नवऱ्याला घरातून घालवायला ती हातानं दोरा वळत होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती, आणि तरी ती वळत होती.

लोटन गेला नाही. आवाज वाढला. आता तीनची वेळ राहिली नाही, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, केव्हाही खर्र खर्र सुरू व्हायचं. मेढ हलायची आणि छपरावरून माती पडायची. शेपटीचे केस झडत झडत वरचा सगळा दांडा उघडा पडला, लाल, ओला, खवल्यांचा.

तुळशीची लग्नं उरकली आणि माणसांची सुरू झाली. बेटावदच्या प्रमिलाबाई मुलाच्या लग्नासाठी घोडी बघायला आल्या, आणि रेवडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ‘माय वं! हाई घोडी शे का उंदीर?’ एवढं म्हणून त्या चहा न पिता गेल्या.

रतिलाल हिंमत हरला नाही. त्यानं धुळ्याच्या बाजारातून बायकांचं गंगावन आणलं, काळंभोर आणि कमरेइतकं लांब, आणि पांढऱ्या घोडीला जरीच्या पट्टीनं काळी शेपूट बांधली. एका वरातीत ते खपलंही, निम्म्या वाटेपर्यंत. मग बँडवाल्यांनी ताल धरला, रेवडीला खाज सुटली, तिनं विजेच्या खांबाला ढुंगण लावलं, आणि गंगावन मागच्या ढोलवाल्याच्या पायात पडलं. वऱ्हाडी पोट धरून हसले. नवरदेव घोडीवरून उतरला तो पुन्हा चढला नाही, पायीच गेला मांडवाला.

त्या दिवसानंतर रतिलालनं ठरवलं, दत्ताच्या जत्रेला सारंगखेड्याला न्यायची आणि विकून टाकायची. अशा शेपटीच्या घोडीला शौकिनाचं गिऱ्हाईक मिळणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. वीटभट्टीवाला नाहीतर माती ओढणारा कुणीतरी घेईल. झुंबरबाईनं ऐकलं आणि तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. जाऊ दे एकदाची. मग तिला वीटभट्टीवरचं जनावर आठवलं, खांदा सोललेलं, तोंडाला फेस. आणि मग वाटलं, लोटनचा जीव खरंच हिच्यात असला तर? तोही जाणार भट्टीवर, आणि तिथं पाठ घासायला मेढही नसेल. त्या दिवशी तिनं भाकरी थापली ती तशीच परातीत वाळली.

जत्रेला आठ दिवस उरले होते. शेजारची म्हैस अडली म्हणून जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर अभिमनभाऊ सकाळी गल्लीत आले. लोटनच्या वयाचे, त्याचे जुने मित्र. म्हशीचं उरकून ते हात धुवायला या ओट्यावर आले आणि आवाज ऐकून थांबले. पुढे गेले, रेवडीची शेपूट उचलली, आणि वाकून पाहिलं.

तेवढंच केलं त्यांनी. शेपूट उचलली आणि पाहिलं. महिनाभरात भगतानं, रतिलालनं, गावानं, कुणीही एवढं केलं नव्हतं.

‘हाई कोनी बांधं?’ त्यांनी खिशातून चाकू काढून काळा दोरा कापला. ‘बिब्बा माणूसले लागना ते आंग फुटस. जनावरनी कातडी काय पत्रानी शे का?’

झुंबरबाईनं अंगठा मुठीत लपवला. फोड केव्हाच वाळला होता, डाग मात्र होता. तिच्याच बोटानं तिला सांगितलं होतं आणि तिनं ते पदराखाली झाकलं होतं.

‘पन बिब्बाना आगोदरबी घासे ती,’ ती हळूच म्हणाली.

अभिमनभाऊ खाली बसले आणि घोडीच्या मागच्या पायांमध्ये डोकावले. रेवडीनं कान पाडले. ते मागे सरकले आणि त्यांनी विचारलं, ‘लोटनभाऊ गया तवयपासून हिनी कास कोनी धुई का?’

म्हशीच्या गडबडीत आलेला रतिलाल म्हणाला, रोज धुतो की, बादलीभर पाणी मारतो अंगावर.

तेव्हा अभिमनभाऊंनी समजावून सांगितलं. घोडीच्या दोन आचळांच्या मधे घडी असते. तिथं घाम आणि धूळ साचून मळाच्या खपल्या बसतात. खाज तिथं सुटते, पण घोडीला तिथं तोंड पोचत नाही, पाय पोचत नाही. मग ती बिचारी शेपूट घासते, जे घासता येईल ते घासते. लोटन दर सोमवारी कोमट पाणी आणि मऊ फडकं घेऊन तिच्या पोटाखाली बसायचा. अभिमनभाऊ त्याला हसायचे, घोडीची दाई म्हणायचे. तो गेला आणि ते काम त्याच्याबरोबर गेलं. ते कामच आहे, हे कुणाला माहीतही नव्हतं.

‘मंग आते धुई टाकू,’ म्हणत रतिलाल फडकं घेऊन वाकला, आणि लाथ खाऊन ओट्यावर बसला. अभिमनभाऊंनी एकदा प्रयत्न केला, त्यांच्या कानावरून टाप गेली. जागा दुखरी, आणि हात परके. ते घाम पुसत झुंबरबाईकडे वळले. ‘वहिनी, तुमनाच हात चाली. नऊ वरीस चारा खाएल शे तिनी तुमना.’

सकाळची वेळ होती. म्हशीच्या निमित्तानं गल्लीतली माणसं जमलेली होती, ओट्याओट्यावर बाया उभ्या होत्या. रतिलाल कंबर धरून उठला. ‘वहिनी, बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं. तुमना हात लागना का हाई घोडी वरातमां चालाव नही.’

झुंबरबाई पडवीच्या कडेला उभी होती, तिच्या नेहमीच्या दोन पावलांच्या अंतरावर. तिला ओट्यावरच्या बाया दिसत होत्या. रेवडीनं मान वळवली आणि पुन्हा शेपूट मेढीला लावली. खर्र खर्र खर्र.

यावेळी पुढच्या दोनाची तिनं वाट पाहिली नाही.

‘नही चालनी ते नही चालनी,’ ती म्हणाली. ‘खाज ते जाई.’

तिनं चुलीवरून कोमट पाणी आणलं, आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडला, आणि रेवडीच्या मानेवर हात ठेवला. घोडी थरथरली. मग तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, पिल्लू असताना धरायची तसं. मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटाखाली असा हात सरकवत झुंबरबाई खाली बसली. खपल्या निघू लागल्या, काळ्या, बोटाएवढ्या. ती पाणी लावायची, वाट पाहायची, मऊ झालं की काढायची. रेवडीनं मान लांब केली, वरचा ओठ पुढे काढला आणि तो हवेत हलवत राहिली. ओट्यावर कुणीतरी हसलं. घोडीला एवढं बरं वाटताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

‘कोठे खाजस, सांग? आठे? आठे का?’ झुंबरबाई विचारत होती. तिचे डोळे वाहत होते आणि तिनं ते पुसले नाहीत, हात ओले होते. हे एवढंच श्रावणातल्या त्या दुपारी करायचं होतं. उठायचं होतं आणि विचारायचं होतं.

ती रोज धुवत राहिली. अभिमनभाऊंनी जंताचं औषध दिलं, शेपटीला लावायला मलम दिलं. जत्रा आली आणि गेली, रतिलालनं दावं सोडलं नाही. सोडतो म्हणाला असता तरी झुंबरबाई मधे उभी राहिली असती, आणि ते त्याला कळलं असावं. त्या हंगामात गावातल्या कुणीही रेवडीला बोलावलं नाही. पुढच्या हंगामात शेपूट गुडघ्यापर्यंत आली, आणि वैशाखात मुहूर्त दाटले, पंचक्रोशीत घोडी मिळेना, तेव्हा पहिल्यांदा आल्या त्या बेटावदच्या प्रमिलाबाई. धाकट्या मुलासाठी. घोडीला कुणाचा हात लागतो हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. अडलं की नियम असे शहाण्यासारखे वागतात.

पण हे पुढचं झालं. धुवायला लागल्यापासून चौथ्या दिवशीची गोष्ट वेगळी. दुपारचे तीन वाजले. झुंबरबाई घरात होती. ऊन पडवीत आलं, माश्या आल्या, रेवडी मेढीशी एक पाय दुमडून डुलकी घेत होती. आवाज आला नाही. झुंबरबाई वाट बघत बसली. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. महिनाभर ज्या आवाजानं तिचा जीव खाल्ला, तो थांबला होता, आणि घर एवढं मोठं वाटलं की तिला भीती वाटली.

ती बाहेर आली. मेढीवर रेवडीच्या घासण्याची जागा होती, खरखरीत, केस चिकटलेली. तिच्या बोटभर वर ती दुसरी, जुनी, गुळगुळीत जागा. घोडीची खाज कशामुळे होती ते आता कळलं होतं. त्यात लोटन नव्हता; तीनदा आणि दोनदा हे मोजणारे कान तिचेच होते. म्हणजे तो काही मागायला आलाच नव्हता, आणि आता काही देता येणार नव्हतं. हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं की तिनं मेढ धरली.

मग तिनं त्या गुळगुळीत जागेवर नखं ठेवली आणि खाजवलं. तीनदा. थांबली. मग दोनदा.

ते तिनं नंतर सोडलं नाही. रेवडी म्हातारी झाली, रतिलालनं पलीकडे सिमेंटच्या खोल्या बांधल्या, आणि दुपारी तीन वाजता झुंबरबाई पडवीत येऊन मेढीपाशी उभी राहते ती राहतेच. गल्लीतल्या नव्या सुनांना वाटतं, म्हातारी लाकडाला तेल लावते. जुन्या बाया बघून न बघितल्यासारखं करतात. जवळून जाणाऱ्याला तिचं पुटपुटणं ऐकू येतं.

‘वर का खाले?’ ती विचारते, आणि थोडा वेळ थांबते. मग ती आपल्या अंदाजानं हात जरासा वर नेते.